आजच्या दिवसापुरता मान्ना

अक्कलकोट रोडवरच्या ज्या कारखान्यात मी टॉवेलच्या मागावर काम करतो, तो गेले दोन महिने आठवड्यातून तीनच दिवस चालतो, आणि आज सकाळी तर आम्हाला फाटकावरूनच परत पाठवण्यात आले. घरी आलो तेव्हा पत्नी डब्याच्या तळाशी वाटी फिरवून ज्वारीचे पीठ काढत होती. तेवढ्याच पिठात पाच भाकरी झाल्या, कडांना एक चीरही न जाता.

दुपारी बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 16 वा अध्याय पुन्हा वाचला. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेले अन्न, मिळे तो त्या त्या दिवसापुरता. सकाळपर्यंत राखून ठेवलेल्यात किडे पडत, अपवाद फक्त शब्बाथासाठी, म्हणजे विसाव्याच्या सातव्या दिवसासाठी, ठेवलेल्याचा. अशा रीतीने देवाने त्यांना 40 वर्षे पोसले. पुढचा सगळा रस्ता त्याने आधी का दाखवला नाही, हे मला पूर्वी कठोर वाटे; आज त्यात मला त्याची माया दिसली, कारण हे दोन महिने एकदम समोर आले असते तर मी खचूनच गेलो असतो. म्हणून प्रार्थनेत महिन्याचा हिशेब मांडला नाही, प्रभू येशूने शिकवल्याप्रमाणे आजची भाकर मागितली.

संध्याकाळी मुकादमांचा फोन आला, उद्या दुसरी पाळी आहे. परवाचे अजून ठाऊक नाही.