सातवी की आठवी?

वसईला नोकरी लागली तेव्हा ज्यांच्या घरी खोली घेतली ते रिटायर्ड सर पक्के कॅथलिक, आणि मी नगरची, सीएनआयवाली, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, प्रॉटेस्टंट. पहिल्याच संध्याकाळी घरात रोझरी होती, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली सगळ्यांनी. प्रभूच्या प्रार्थनेत सगळे ‘वाइटापासून सोडव’ म्हणून थांबले आणि मी आपली सवयीने पुढे, ‘कारण की राज्य, पराक्रम...’ एकटीच! पोरं हसायला लागली. सर म्हणाले, “पूर्ण कर बाय, चर्चमध्ये मिस्सात आम्हीपण म्हणतो ते, फक्त थोडं नंतर.”

मग रोज काही ना काही वाद. बायबलातल्या दहा आज्ञांत चोरी करू नको ही कितवी? मी म्हणते आठवी, सर म्हणतात सातवी, आणि दोघंही बरोबर, कारण त्यांच्याकडे पहिल्या दोन एकत्र धरतात आणि शेवटची फोडतात.

मिस्साला गेले की कम्युनियनच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, रांगेसाठी सगळे उठायचे आणि मी कॅथलिक नाही म्हणून बाकावर. राग यायचा, खोटं कशाला बोलू. सरांना तसं सांगितलं तर त्यांनी समजूत वगैरे काढली नाही, पंडिता रमाबाईंच्या पत्रांचं पुस्तक हातात दिलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 ला इंग्लंडात वाँटेजच्या अँग्लिकन सिस्टर्सकडे झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिनना त्या पत्रात आजीबाई म्हणायच्या आणि त्याच आजीबाईंशी त्रैक्यावरून (एका देवात तिघं), चर्चच्या अधिकारावरून कडकडून भांडायच्या. क्रॉसवरचे शब्द लॅटिन का, संस्कृत का नको, यावरूनसुद्धा! मला तर जेराल्डिनबाईंची कधीकधी कीवच येते, शिष्या मिळाली तीपण रमाबाई. “बघ,” सर म्हणाले, “भांडत पण लिहीत राहिल्या.”

आता सरांना कुठलाही लेख आधी दाखवल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि ते लाल पेनने निम्मा खोडतात.

मागच्या डिसेंबरात त्यांना नगरला घेऊन गेले. आमच्याकडे प्रभुभोजन होतं, पाळकसाहेबांनी सगळ्यांना बोलावलं, मी उठले, सर बसूनच राहिले. त्यांच्या चर्चचा नियम, मला माहीत होतं, तरी परत येऊन शेजारी बसताना कसंतरीच वाटलं. मग कवी ना. वा. टिळकांचं गाणं सुरू झालं म्हणून मी ‘उपासना संगीत’ उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी पुस्तक माझ्याकडेच सरकवलं. पाठ होतं त्यांना, सगळी कडवी.