मनी आणि सोन्याचं घरचं जेवण: कॅल्शियमचा हिशेब जुळला, सोन्याचं मन वळवणं चालू

माझ्या दोन मांजरांच्या, मनी आणि सोन्याच्या, घरी शिजवलेल्या जेवणातल्या कॅल्शियमचा हिशेब या महिन्यात ग्रॅमात बसला, त्यामुळे आजची नोंद तिथूनच सुरू करते. घरी मांजरांसाठी शिजवणाऱ्या बहुतेकांचा सगळा वेळ चिकन कुठलं आणायचं यात जातो. हाडाच्या जागी काय घालायचं, हा प्रश्न मात्र मागेच राहतो.

मांजर उंदीर खातं ते हाडांसकट. आपण देतो ते बिनहाडाचं. १०० ग्रॅम बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस साधारण १७० ते २०० मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम १०. मांजराला दोन्ही जवळपास सारख्या प्रमाणात लागतात, त्यातही कॅल्शियम थोडं चढंच. नुसतं चिकन मिळत राहिलं की रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर स्वतःच्याच हाडांतून ते काढू लागतं. वाढत्या पिल्लांची हाडं तर यापायी इतकी ठिसूळ होतात की साधी उडी मारली तरी पाय मोडतो. हे सगळं चाललेलं असताना मांजर गुटगुटीत दिसतं, भूकही चांगली असते. म्हणून "आमची मांजर नुसत्या उकडलेल्या चिकनवर मजेत आहे" असं कुणी सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

शिजवलेलं हाड देता येत नाही, ते फुटून त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. मी अंड्याच्या टरफलांची पूड वापरते. टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळायची, आतला पापुद्रा सुटेल तेवढा काढायचा आणि कडकडीत वाळवायची. पावसाळ्यात ऊन नसलं की मंद आचेवर तव्यावर परतून घेते. मग मिक्सरच्या सगळ्यात लहान भांड्यात फिरवून मैद्याच्या चाळणीतून चाळायची. चाळणीवर उरेल ते पुन्हा मिक्सरमध्ये. शेवटी चिमटीत चोळून बघते, जराही कण लागला तर आणखी एक फेरा. रांगोळीपेक्षा बारीक झाली की मगच बरणीत भरते. या पुडीच्या वजनाचा सुमारे ३८ टक्के भाग कॅल्शियम असतो, म्हणजे ७ ग्रॅम पुडीत अडीच ग्रॅमच्या थोडं वर. माझ्या एका घाण्यात मांस, अंडी, कलेजी धरून फॉस्फरस २.४ ग्रॅमच्या आसपास येतो. मांसातलं थोडं कॅल्शियम मिळवलं की हिशेब बसतो. यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्याच. चमच्याने मोजण्यावर माझा विश्वास नाही. तीच पूड सैल भरली की एक वजन, दाबून भरली की दुसरं.

सध्याचा घाणा असा: बोनलेस लेग १ किलो (निम्म्या तुकड्यांची कातडी तशीच), चिकनचं दिल १५० ग्रॅम, कलेजी ५० ग्रॅम, दोन अंडी, टरफलाची पूड ७ ग्रॅम, टॉरिनची (मांजराला अन्नातूनच मिळावं लागणाऱ्या अमिनो आम्लाची) पावडर २ ग्रॅम, माशाचं तेल आणि आमच्या पशुवैद्यांनी आकडे मांडून ठरवून दिलेलं जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण. लाल भोपळा दोन चमचे, तोही तंतूंसाठी. गाजर-भोपळ्यातल्या रंगद्रव्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, मांजराला ते जमत नाही. त्याला ते तयारच मिळावं लागतं आणि त्यासाठीच कलेजी. पण कलेजी डोळ्यांदेखत तोलायची. महिनोन् महिने भरपूर कलेजी खाणाऱ्या मांजरांच्या मानेचे मणके एकमेकांना जोडले जातात, मग त्यांना मान वळवून स्वतःचं अंगही चाटता येत नाही. चिकनवाले दादा प्रेमाने मूठभर कलेजी वर टाकतात, ती आमच्या पानात जाते.

कांदा-लसूण अजिबात नाही, शिजवलेला नाही आणि पूडही नाही. त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या ताटातला रस्सा धुऊन काढलेला तुकडासुद्धा मी देत नाही.

शिजवण्याची पद्धत बदलली आहे. आता पाणी न घालता, जाड बुडाच्या पातेल्यात झाकण ठेवून, मंद आचेवर अंगच्याच पाण्यात. टॉरिन पाण्यात उतरतं, त्यामुळे सुटलेला रस एक थेंबही फेकायचा नाही. चिकन कोमट झालं की खिमा करते, रस त्यातच, आणि टॉरिन, तेल, मिश्रण सगळ्यात शेवटी. ब गटातली काही जीवनसत्त्वं उष्णतेने जातात म्हणून ही शिस्त.

टॉरिनबद्दल नवीन मंडळी नेहमी विचारतात की एवढं काय त्याचं. मांजराच्या शरीरात ते पुरेसं तयार होत नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी दाखवून दिलं की हृदय फुगून, कमजोर होऊन मरणाऱ्या कितीतरी मांजरांच्या मुळाशी टॉरिनची कमतरता होती. ते देताच हृदयं सुधारली. ती मांजरं तयार अन्न खाणारी होती, आणि त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. बाजारातल्या अन्नातही असं झालं होतं, तर घरच्या पातेल्यात किती सांभाळायला हवं! दिल आणि लेगच्या गडद मांसात ते ब्रेस्टपेक्षा जास्त असतं, म्हणून मी ब्रेस्ट घेतच नाही. त्याच डेव्हिसच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजरांच्या घरगुती जेवणाच्या ११४ कृती तपासल्या. ज्यांचं पूर्ण गणित करता आलं, त्यातली एकही सगळे आवश्यक घटक पुरवत नव्हती. पशुवैद्यांनी लिहिलेल्यासुद्धा! तेव्हा माझी कृतीही जशीच्या तशी उचलू नका. आपल्या मांजराचं वय, वजन आणि रक्ताचा रिपोर्ट घेऊन पशुवैद्यांशी बसा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मांजराला तर हे जेवण चालणारच नाही, फॉस्फरस फार होईल.

कच्चं का नाही, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत एच५एन१ बर्ड फ्लू निघाला. पाठोपाठ मध्य प्रदेशात छिंदवाड्याला घरच्या मांजरांमध्येही तो सापडला. त्यानंतर माझ्यापुरता हा वाद मिटला. कच्च्या मांसातून येऊ शकणारा तो विषाणू चांगलं शिजवलं की मरतो.

मासळी आमच्याकडे आठवड्यातून एकदाच, शिजवून आणि काटे काढून. तारलीच्या कुळातल्या कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं द्रव्य असतं, शिजवल्यावर ते निकामी होतं. रोज तेलकट मासे खाणाऱ्या मांजरांना ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीला सूज येते, हात लावला तरी दुखतं. सुकट, सुके बोंबील मिठामुळे बंद. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत ताजी मासळी परवडत नाही, तेव्हा चिकनवरच भागवते.

श्रावणाची नोंद मुद्दाम करून ठेवते, कारण बऱ्याच घरांत इथेच गाडी अडते. आमच्या घरी महिनाभर स्वयंपाकघरात सामिष येत नाही. आधीच्या आठवड्यात फ्रीजरचा एक कप्पा भरून ठेवला, आणि उरलेल्या घाण्यांसाठी गॅलरीत इंडक्शन, वेगळं पातेलं, वेगळी सुरी. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढा खटाटोप कशाला? दूधभात घाल की. माझ्या माहेरी मांजरं त्यावरच वाढली." मी त्यांना विचारलं, "आई, तुमच्याकडे भाताच्या कणग्या होत्या ना? मग उंदीर किती असतील!" त्या थोडा वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "खरंच गं, आमची भागी रोज एक तरी आणून ओटीवर टाकायची." दूधभात वरचा होता, जेवण कणगीखाली होतं. आमची मांजरं पाचव्या मजल्यावर राहतात, त्यांना उंदीर मीच शिजवून द्यायचा आहे. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. आता गॅलरीतल्या घाण्याच्या वेळी काट्यावरचा आकडा आईच वाचून दाखवतात.

मनीची प्रगती उत्तम. तिला दात थोडेच उरलेत, म्हणून तिचा वाटा मिक्सरमधून गुळगुळीत करते, वर दोन चमचे रस. वजन स्थिर आहे. पाण्याच्या भांड्याकडे ती आता क्वचितच जाते, तरी शू भरपूर होते. शिजवलेल्या मांसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि बाजारातल्या कोरड्या दाण्यांत दहाच्या आसपास. वाळवंटी रानमांजराच्या या वंशजांना तहान मुळातच कमी लागते, त्यामुळे पाणी जेवणातूनच जाणं मला फार मोलाचं वाटतं. शी कमी, घट्ट आणि वास जवळजवळ नाही.

सोन्या मोठा होऊन आमच्याकडे आला, तोवर दाण्यांवरच वाढलेला. वाटी समोर ठेवली की तो वास घेतो, मग पुढच्या पंजाने वाटीभोवतीची फरशी शांतपणे खरवडतो, जणू ते पुरून टाकायचं आहे. दिवसभर भरलेली दाण्यांची वाटी आधी बंद केली आणि जेवणाच्या दोन वेळा ठरवल्या. मग दाण्यांत पाव चमचा खिमा, तो पचला की अर्धा. सगळ्यात जास्त उपयोग दोन गोष्टींचा झाला: वाटी गरम पाण्यात ठेवून खिमा अंगाइतका कोमट करणं, कारण वास आला तरच तो तोंड लावतो, आणि त्याचेच दाणे कुटून वर भुरभुरवणं. त्याला खिमा जाडसर लागतो, गुळगुळीत केला की पुन्हा फरशी खरवडणं सुरू. आता निम्मं जेवण घरचं आहे. "भूक लागली की खाईल" असा सल्ला पुष्कळांनी दिला, पण मांजराच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं. सोन्या अंगाने भरलेलाच आहे, त्यामुळे घाई नाही.

साठवणीचं थोडक्यात: एका वेळेची एक डबी, फ्रीजरमधून आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये, दोन दिवसांत संपवायचं. वाटीत उरलेलं अर्ध्या तासाने उचलते, मे महिन्यात त्याहून आधी.

पुढच्या घाण्यात निम्म्या चिकनच्या जागी बकऱ्याचा खिमा घालून बघायचा आहे, समोर उभं राहून करून घेतलेला. फॉस्फरस, जस्त, चरबी सगळंच बदलेल, म्हणून आकडे पशुवैद्यांकडे पाठवलेत. त्यांचं उत्तर आलं आणि दोघांचा सहामाही रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात पडला की टरफलाच्या पुडीचं नवं वजन इथे टाकते. तुमच्यापैकी कुणी बकऱ्याच्या खिम्यावर मांजर वळवलं असेल तर चरबी किती ठेवलीत आणि शी कशी राहिली, तेवढं नक्की कळवा.