"रिकामंच असणार"

पेडण्याच्या घरी आजोबांची पेटी उघडली, भाच्याने रिव्हॉल्वर उचललं आणि म्हणाला, "मामा, इतकी वर्षं पडून आहे, रिकामंच असणार." हे 'असणार' काही डोक्यातून जात नाहीये.

नळी भिंतीकडे, बोट ट्रिगरपासून लांब, लॅच दाबून उघडलं, सहाही घरं डोळ्यांनी बघितली, बोटाने चाचपली. फ्रेमवर वेबली, मार्क ६, १९१७, म्हणजे ब्रिटिश बनावटीचं. सिलिंडरची मागची कड मात्र तासलेली, म्हणजे कोणीतरी मूळच्या .४५५ काडतुसाऐवजी .४५ एसीपी हे दुसरं काडतूस बसावं म्हणून केलंय. त्या काडतुसाचा दाब या रिव्हॉल्वरला झेपणारा नाही, हे शंभर वर्षांचं लोखंड हातातच फुटू शकतं.

आणि परवाना वारसाहक्काने आपोआप मिळत नाही, १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्र पोलीस स्टेशनात जमा करायचं, मग वारसाने अर्ज. उद्या आधी स्टेशनला फोन करतोय.

तुमच्या घरच्या जुन्या पेट्या शेवटच्या कधी उघडल्या होत्या?