सक्तीची भाषा आणि अनुदानातला कंपाइलर

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इंदूरजवळच्या पिथमपूरच्या एका कारखान्यात पाकिटे भरण्याच्या यंत्रावर मी लिहिलेला सी भाषेतला प्रोग्राम चालत असे. दिवाळीच्या तोंडावर मागणी वाढल्यामुळे त्यांनी एके दिवशी दोन पाळ्या सलग चालवल्या, आणि एरवी प्रत्येक पाळीच्या शेवटी शून्यावर आणला जाणारा आकडा त्या दिवशी कोणी शून्यावर आणला नाही. संध्याकाळी फोन आला म्हणून मी रामबागेतून निघालो आणि राऊमार्गे तिथे पोहोचलो. यंत्रासमोर उभा असलेला माणूस लाल आकड्यांकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, मशीन उलटी गिनती कर रही है." पडद्यावर उणे बत्तीस हजारांच्या घरातली संख्या होती. सोळा बिटांच्या चिन्हांकित (म्हणजे अधिक आणि उणे दोन्ही संख्या साठवणाऱ्या) पूर्णांकात ३२,७६७ नंतरचे पाकीट उणे ३२,७६८ वे ठरते. ठरलेल्या संख्येला थांबायचे ही सूचना त्या यंत्राला आता कधीच लागू होणार नव्हती, म्हणून ते पाकिटे भरतच राहिले होते. कोणाला इजा झाली नाही, फक्त माल वाया गेला. तरी त्या रात्री घरी परतताना माझ्या डोक्यात एकच विचार होता, की ही चूक भाषेनेच पकडायला हवी होती.

अशी चूक पकडणारी भाषा तेव्हा अस्तित्वात होती आणि ती एका सरकारने स्वतःच्या पैशाने घडवून घेतली होती. ती भाषा म्हणजे एडा. तिच्यात 'पाकिटांची मोजणी' हा स्वतंत्र प्रकार जाहीर करता येतो आणि तो शून्य ते साठ हजार यांच्या दरम्यानच राहील असे बजावताही येते. ती हद्द ओलांडली जाताच प्रोग्राम गुपचूप उणे संख्येत न शिरता तिथल्या तिथे त्रुटी उभी करतो. मीटर आणि फूट हे दोन वेगळे प्रकार म्हणून जाहीर केले असतील, तर त्यांची बेरीज कंपाइलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन, मुळात स्वीकारतच नाही.

अमेरिकी संरक्षण खात्याला अशी भाषा का हवी होती, याचे उत्तर १९७० च्या दशकात सापडते. विमाने, जहाजे आणि क्षेपणास्त्रे यांच्या आत बसवलेल्या संगणकांसाठी त्या खात्यात साडेचारशेहून अधिक भाषा आणि पोटभाषा वापरात असल्याचे आढळले होते. हवाई दलाची जोव्हियल, नौदलाची सीएमएस-२, भूदलाची टॅकपॉल अशी प्रत्येकाची चूल वेगळी होती. एका दलाचा प्रोग्रामर दुसऱ्या दलाचे काम वाचू शकत नसे, आणि प्रत्येक भाषेसाठी कंपाइलर, साधने व प्रशिक्षण यांचा खर्च नव्याने करावा लागे. म्हणून १९७५ साली तिन्ही दलांचा एक कार्यगट नेमला गेला. त्याने भाषा न लिहिता आधी भाषेकडून काय हवे ते लिहून काढले. या मसुद्यांची नावे क्रमाने गवताचा माणूस, लाकडाचा माणूस, कथिलाचा माणूस, लोखंडाचा माणूस अशी होती, आणि १९७८ मध्ये पोलादाचा माणूस तयार झाला. प्रत्येक मसुदा अनेकांकडे वाचायला जाई आणि आक्षेप ऐकून पुन्हा लिहिला जाई. पुढे चार चमूंना भाषा रचण्याचे काम मिळाले. कोणाची भाषा कोणती हे परीक्षकांना कळू नये म्हणून त्यांना लाल, हिरवा, निळा आणि पिवळा अशी रंगांची नावे दिली गेली. १९७९ मध्ये ज्यां इश्बिया यांच्या चमूची हिरवी भाषा निवडली गेली. तिला एकोणिसाव्या शतकातल्या गणिती एडा लव्हलेस यांचे नाव मिळाले. त्यांचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा, म्हणून भाषेच्या अधिकृत प्रमाणाला (स्टँडर्डला) १८१५ हा क्रमांक दिला गेला आणि त्याला मंजुरीही १० डिसेंबर १९८० रोजी मिळाली. सरकारी पैसा एखाद्या भाषेवर इतक्या विचारपूर्वक खर्च झाल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही, आणि या टप्प्याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे.

घोळ झाला तो त्यानंतर, सक्तीच्या टप्प्यावर. १९८३ मध्ये महत्त्वाच्या लष्करी प्रणालींसाठी एडाच वापरावी असा आदेश निघाला, १९८७ मध्ये तो अधिक कडक झाला, आणि १९९१ पासून लागू होणारी तशी तरतूद अमेरिकी संसदेने कायद्यातच केली. परंतु पहिला आदेश निघाला तेव्हा चाचण्यांत उत्तीर्ण झालेले साधन म्हणजे न्यूयॉर्क विद्यापीठाचा एक इंटरप्रिटर, म्हणजे आधी रूपांतर न करता प्रोग्राम थेट वाचत चालवणारे साधन, होता. तो भाषेचा अर्थ अचूक दाखवून देई, पण इतका संथ होता की त्यावर खरे काम करणे शक्य नव्हते. नंतर आलेले व्यापारी कंपाइलर महाग होते, कारण गिऱ्हाईक सरकार होते आणि खरेदी सक्तीची होती. कायद्यात 'जिथे किफायतशीर असेल तिथे' अशी मोकळीक होती आणि विशेष सूट मागण्याची सोयही होती. मग कंत्राटदारांनी सूट मागायची आणि खात्याने ती द्यायची, हा रिवाजच पडला. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ही भाषा फार गुंतागुंतीची झाल्याचा इशारा दिला होता. तो मला पूर्णपणे पटत नाही, पण कंपाइलर लिहिणाऱ्यांना त्या गुंतागुंतीची किंमत मोजावी लागली हे मान्य करावे लागते.

सगळ्यांत मोठी हानी महाविद्यालयांत झाली. सक्ती कंत्राटदारांवर होती आणि कंपाइलर विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर होता. माझ्या शिक्षणाच्या काळात, म्हणजे १९९० च्या दशकात, इंदूरच्या आमच्या प्रयोगशाळेत टर्बो पास्कल आणि टर्बो सी एवढेच होते. एडावर पाठ्यपुस्तकात एक प्रकरण होते. त्यातल्या 'राँदेव्हू'वर, म्हणजे दोन समांतर कार्यांच्या ठरवून होणाऱ्या भेटीवर, मी परीक्षेत पानभर उत्तर लिहिले, पण एडाची एकही ओळ चालताना पाहिली नाही. शिकलेली मुले नाहीत म्हणून कंपन्या ती वापरत नाहीत, आणि कंपन्या वापरत नाहीत म्हणून महाविद्यालये ती शिकवत नाहीत, हे दुष्टचक्र कोणत्याही फर्मानाने तुटणारे नव्हते.

ते तोडण्याचा खरा प्रयत्न एका तुलनेने लहान अनुदानातून झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी हवाई दलाने न्यूयॉर्क विद्यापीठाला जीसीसी या मुक्त कंपाइलर-संचावर आधारलेला, मुक्त स्रोत एडा कंपाइलर लिहिण्यासाठी पैसे दिले. रॉबर्ट डेवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला हा कंपाइलर म्हणजे नॅट. त्याला पुढे सांभाळण्यासाठी १९९४ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि ती आजही चालू आहे. १९९७ च्या एप्रिलमध्ये संरक्षण खात्याने सक्ती मागे घेतली आणि पुढच्या वर्षी एडाचे संयुक्त कार्यालयही बंद झाले. युद्धप्रणालींसाठी एडा कायम ठेवावी आणि तिच्या साधनांवरील गुंतवणूक चालू ठेवावी, अशी शिफारस नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने केली होती. खात्याने मात्र दोन्ही गोष्टी एकदमच सोडल्या. भाषा सर्वांच्या हाती येऊ लागली होती त्याच सुमारास तिच्या पाठीवरचा हात निघाला, याची मला आजही हळहळ वाटते. तरीही आदेशांमागून आदेश निघून जे साधले नाही ते नॅटने साधले, कारण तो कोणीही फुकट उतरवून घेऊ शकत होता.

एडाचे विरोधक ४ जून १९९६ च्या एरियान ५ या युरोपीय रॉकेटच्या अपघाताकडे बोट दाखवतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे. ते यान उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांतच नष्ट झाले. एरियान ४ साठी लिहिलेला एडामधला भाग जसाच्या तसा उचलला होता. त्यात चौसष्ट बिटांची दशांश संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात मावली नाही. म्हणजे पिथमपुरात माझ्या यंत्रावर जे झाले, जवळपास तेच तिथे झाले. फरक इतकाच की एडाने चूक लपवली नाही, त्रुटी उभी केली. पण प्रोसेसरवरचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी असा धोका असलेल्या सात चलांपैकी तीनांना संरक्षण दिलेले नव्हते, आणि त्रुटी आल्यास संपूर्ण संगणक बंद करायचा असे ठरलेले होते. राखीव संगणकावरही तोच प्रोग्राम असल्याने तोही बंद पडला. शिवाय तो भाग उड्डाणानंतर चालण्याची गरजच नव्हती. भाषेने आपले काम केले होते. पण तिच्या हाकेला ओ काय द्यायची, हे माणसांनी चुकीचे ठरवले होते.

हा विषय आत्ता निघाला तो माझ्या भाचीमुळे. ती इथेच इंदूरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत व्हाइट हाउसच्या सायबर कार्यालयाने स्मृती-सुरक्षित, म्हणजे मेमरीच्या वापरातल्या चुका होऊ न देणाऱ्या, भाषांचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी दार्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेने जुन्या सी प्रोग्रामचे रस्ट या अशाच एका भाषेत आपोआप रूपांतर करण्याचा प्रकल्प जाहीर केला, हे तिने वाचले होते. "मामा, म्हणजे पुन्हा सक्ती येणार का?" असे तिने विचारले. मी म्हटले, या वेळी निदान कंपाइलर आधी फुकट मिळाला आहे आणि सक्तीची चर्चा नंतर चालली आहे. एवढा क्रम सुधारला तरी पुष्कळ झाले.

आपल्याकडेही हा प्रश्न दूरचा नाही. तेजस विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाच्या संगणकात एडा वापरली गेली आहे, आणि आमच्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर महूला लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. उद्या आपल्या संरक्षण खात्याने कोणती भाषा धरायची हे ठरवले, तर परिपत्रक काढण्यापूर्वी कंपाइलर, मराठी-हिंदीतली पाठ्यसामग्री आणि लहान प्रयोगशाळांसाठी स्वस्त बोर्ड यांवर दोन-तीन वर्षे पैसा घालावा, असे मला कळकळीने वाटते.

गेल्या रविवारी भाचीच्या लॅपटॉपवर आम्ही नॅट बसवला. तिने पाकिटांचा प्रकार जाहीर केला, हद्द ३२,७६७ ठेवली आणि एकेक वाढवणारे चक्र चालवले. पुढच्या पाकिटाला प्रोग्राम थांबला आणि पडद्यावर 'कन्स्ट्रेंट एरर', त्याखाली फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक आला. तिने तो क्रमांक वहीत उतरवून घेतला. तिच्या सरांनी पुढच्या सत्रात एक तासिका द्यायचे कबूल केले आहे, आणि त्यासाठी पिथमपूरचा तो प्रोग्राम मी आता एडामध्ये नव्याने लिहीत आहे.