परसात निघालेलं कासव: माझा अनुभव

पहिला मोठा पाऊस रात्रभर झोडपून पहाटे थांबला होता. सकाळी सासूबाई मागच्या दारातून विचारायला लागल्या, "अगं, हे घमेलं कुणी पालथं टाकलंय इथे?"

"घमेलं तर मोरीत आहे, आई," मी आतूनच म्हटलं. मग बाहेर गेले. धुण्याच्या दगडापलीकडे, कुंपणाच्या भिंतीला लागून चिखलाच्या रंगाचं काहीतरी गोल पडलं होतं. आम्ही दोघी बघतच राहिलो, कारण ते भिंतीच्या कडेकडेने सरकायला लागलं.

कासव होतं. चांगलं वीतभर.

पुढच्या अर्ध्या तासात जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या आम्ही केल्या, त्या आधी सांगून टाकते. मुलाने धावत जाऊन ते दोन्ही हातांनी उचललं. त्याबरोबर कासवाने त्याच्या शर्टावर पाणी सोडलं. घाबरलं की ती असंच करतात. जमिनीवर राहणाऱ्या काही जातींना कोरड्या दिवसांत हेच साठवलेलं पाणी पुरवायचं असतं, म्हणजे उगाच उचलण्याची किंमत आपण नव्हे, ते मोजतं. मग मी कपड्यांचा टब काठोकाठ भरला आणि त्याला आत सोडलं. सासूबाईंनी वरून पालेभाजीची पानं टाकली. त्याने पानांकडे ढुंकूनही बघितलं नाही, नुसता टबाच्या कडेला नखांनी खरखर करत राहिला बिचारा. (तो की ती, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.) तोवर शेजारीपाजारी धरून टबाभोवती नऊ माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे सल्ला होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे धामण निघाली होती, तेव्हाचा सर्पमित्राचा नंबर फोनमध्ये होता. त्याला लावला. त्याचं पहिलं वाक्य, "ताई, आधी पाणी काढा."

कासव म्हटलं की पाणी, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मी वाद घालायला लागले. तो म्हणाला, जमिनीवरचं कासव असलं तर पोहता येत नाही, खोल पाण्यात सरळ तळाला जाईल. कुठलं आहे ते कळेपर्यंत टबात ओलं गोणपाट ठेवा आणि सावलीत न्या. मग फोटो मागितले: पाठीचा, पुढच्या पायाचा आणि डोक्याचा एका बाजूने. पोटाचाही हवा, पण उलटं करून ठेवायचं नाही. मागच्या बाजूने दोन्ही कडांना धरून वर उचलायचं आणि दुसऱ्याने खालून फोटो काढायचा. "मागून म्हणजे मागूनच धरा, मान लांब असते त्याची." हे नवऱ्याने नीट ऐकलं नाही. दोन इंची वाटणारी मान एकदम बाहेर येऊन वळली आणि त्याचा अंगठा थोडक्यात वाचला.

खरं तर या फोटोंच्या निमित्तानेच मी ते कासव पहिल्यांदा धड बघितलं. चित्रातल्या कासवाच्या पाठीवर चौकटी असतात, तशा याला नव्हत्याच. पाठ गुळगुळीत, ओल्या चामड्यासारखी. नाक पुढे आलेलं, छोट्या नळीसारखं. पुढच्या पायाची बोटं पडद्याने जोडलेली आणि नख्या तीनच. डोळ्यामागे लाल पट्टा आहे का, हे सर्पमित्राने दोनदा विचारलं. तो असता तर ते अमेरिकेतून पाळायला आणलेलं आणि मग कंटाळून कुणीतरी सोडून दिलेलं कासव ठरलं असतं. ते तळ्यात सोडायचं नसतं, कारण ते तिथल्या मूळच्या कासवांच्या जागा आणि खाणं बळकावतं. आमच्याकडे लाल काही नव्हतं.

पोटाच्या फोटोने निकाल लागला. मागच्या पायांच्या जागी कातडीच्या दोन झडपा होत्या. पाय आत ओढले की झडप लागते, बाहेर काढले की उघडते. मुलाने हे पाच-सहा वेळा बघितलं, मग मीच त्याला हटकलं. या झडपांवरूनच त्याचं इंग्रजी नाव पडलंय, इंडियन फ्लॅपशेल. गोड्या पाण्यातलं, मासे, बेडूक, गोगलगायी आणि थोडाफार पालाही खाणारं. "आणि ताई, पोरगा पाळू म्हणेल," सर्पमित्र म्हणाला. पोरगा खरोखरच शेजारी उभा राहून खुणा करत होता. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ आहे त्याच अनुसूचीत. पोरगा गप्प झाला. कासवाची बातमी वनखात्याला सर्पमित्र स्वतःच कळवणार होता.

मग त्याने जखमांची चौकशी केली. कवचाला चीर आहे का, नाकातून बुडबुडे येतात का, डोळे सुजलेत का, चारही पाय जोर लावतात का. मी विचारलं, कवचाला समजा चीर असती तर? मला वाटायचं कवच म्हणजे नखासारखी निर्जीव वस्तू, वर घातलेला डबा. तसं नसतं. पाठीचा कणा आणि बरगड्याच कवचात जुळलेल्या असतात. चीर म्हणजे मोडलेलं हाड, तेव्हा थेट पशुवैद्य. पुढे कधीतरी वाचलं की चीनमध्ये साडेएकवीस-बावीस कोटी वर्षांपूर्वीचं एक कासव सापडलंय, त्याला पोटाचं कवच पुरतं होतं, पाठीचं अजून झालेलं नव्हतं. ते वाचताना आमच्या टबातली खरखर आठवली.

आमच्या कासवाला चीर नव्हती. फक्त नाकाचा शेंडा सोलवटलेला, गुलाबी दिसत होता. मला ते विशेष वाटलं नव्हतं. त्याने फोटो मोठा करून बघितला असावा. म्हणाला, "हे घासलंय. ते कुठे निघालं होतं?"

कुठे निघालं होतं? नऊ माणसांपैकी एकानेही हा विचार केला नव्हता. आमची सगळी चर्चा ते कुठे न्यायचं यावर चाललेली. नवऱ्याने तर गाडीची किल्लीही हातात घेतली होती, मोठ्या तलावात सोडून येतो म्हणून. सर्पमित्राने साफ नाही म्हटलं. रानातल्या कासवाला आपला परिसर पक्का ठाऊक असतो. अनोळखी जागी सोडलं की ते जुनी जागा शोधत भटकतं आणि रस्त्यावर चिरडलं जातं. शिवाय एका पाण्यातला रोग दुसऱ्या पाण्यात जातो तो वेगळाच. "जिथे सापडलं तिथेच संध्याकाळी ठेवा. सगळ्यांनी घरात बसा. आणि बघा."

दिवसभर त्याला ओल्या गोणपाटावर ठेवलं, वर दुसरं गोणपाट झाकलं. कासवाचं काहीच करावं लागलं नाही, माणसं आवरण्यातच दिवस गेला. शाळा सुटल्यावर मुलाचे मित्र आले आणि प्रत्येकाला एकदा हात लावायचाच होता. ज्यांनी लावला त्यांचे हात मी साबणाने घासून घेतले. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा जंतू असू शकतो, आणि मुलं कासवाची लहान पिल्लं थेट तोंडाजवळ नेतात म्हणून अमेरिकेत 1975 पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायलाच बंदी आहे.

दिवेलागणीला त्याला भिंतीजवळ ठेवलं आणि आम्ही चौघं स्वयंपाकघरातला दिवा बंद करून खिडकीशी उभे राहिलो. पंधरा मिनिटं काही नाही. डासांनी फोडून काढलं. मग मान बाहेर आली, वर झाली, डावीकडे वळली आणि कासव चालायला लागलं. घुटमळणं नाही, चाचपडणं नाही. सरळ भिंतीच्या कोपऱ्यात गेलं. तिथे परसाचं पाणी बाहेरच्या नाल्यात जायला भोक आहे.

भोकाला जाळी आहे. मार्चमध्ये आम्हीच बसवली होती, घुशी येतात म्हणून.

त्याने जाळीला नाक लावलं आणि ढकललं. मग भिंतीच्या कडेने शेवटपर्यंत गेलं, वळलं, परत आलं, पुन्हा नाक लावलं. आदल्या रात्रभर ते काय करत होतं हे कुणी सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या खेपेला नवरा काही न बोलता उठला आणि पक्कड घेऊन बाहेर गेला. जाळी तोडताना कासव हातभर अंतरावर अंग आक्रसून बसलेलं. तो घरात आल्यावर दहा मिनिटांनी हललं. भोक अरुंद होतं, एक कड उचलून तिरकं झालं, पाठ सिमेंटला घासल्याचा आवाज आला, आणि मग पलीकडून पाण्याचा एक 'चुबुक'.

पण मार्चपासून भोक बंद, मग ते आत आलं कुठून? मला रात्रभर तेवढंच छळत होतं. सकाळी दगडाच्या पलीकडच्या वाफ्यात उत्तर मिळालं. धुण्याचं पाणी तिथे झिरपतं, म्हणून उन्हाळ्यातही माती मऊ असते. त्या मातीत एक गोल खड्डा होता, आतून चोपडा, ताटली दाबून काढल्यासारखा. वरचं ढेकूळ आतून फुटून बाजूला पडलेलं. सर्पमित्राला फोटो पाठवला तर म्हणाला, बरोबर आहे, पाणी आटायला लागलं की ही कासवं चिखलात स्वतःला पुरून घेतात आणि पावसाची वाट बघत पडून राहतात. म्हणजे ते जाळी बसायच्या आधीच येऊन झोपलं होतं. तीन महिने आम्ही त्याच्या उशाशी कपडे आपटत होतो. एप्रिलमध्ये त्या वाफ्यातलं तण मी स्वतः काढलं, खड्ड्यापासून जेमतेम वीतभरावर खुरपं चालवलं होतं.

घुशी अर्थातच परत आल्या. सासूबाईंचं म्हणणं, जाळी लावा. मुलाचं म्हणणं, लावायची नाही. शेवटी नवऱ्याने काढता-घालता येईल अशी जाळी करून आणली, मार्चमध्ये लावायची आणि पाऊस दिसायला लागला की काढायची. सासूबाई कुरकुरल्या, पण जूनच्या पहिल्या तारखेखाली 'जाळी' असं त्यांनीच कॅलेंडरवर पेन्सिलने लिहिलंय. त्या कोपऱ्यातलं तणही आता त्या खुरप्याने काढू देत नाहीत. स्वतः बसतात आणि बोटांनी उपटतात.