सोफ्याला तोंड फुटलं तर

'अजून थोडं बसा की' असा आग्रह पाहुण्यांना ज्या सोफ्यावर होतो, त्याच सोफ्यावर, त्यांची लिफ्ट खाली पोचायच्या आत, 'गेले एकदाचे' असंही म्हटलं जातं. दोन्ही ऐकणारा साक्षीदार एकच, आणि नशिबाने तो मुका.

पॅरिसच्या धाकट्या क्रेबियोंने त्याला बोलायला लावलं. (थोरले क्रेबियों म्हणजे त्याचे वडील, भारदस्त शोकांतिका लिहिणारे. चिरंजीव भलत्याच वाटेने गेले.) 1742 साली आलेल्या त्याच्या कादंबरीचं नावच 'सोफा'. अमांझेई नावाचा एक दरबारी सुलतानाला आपल्या मागच्या जन्माची हकिकत सांगतो. भोगविलासात आयुष्य उधळलं म्हणून ब्रह्मदेवाने त्याचा आत्मा सोफ्यात घातला. या सोफ्यातून त्या सोफ्यात जायची मुभा होती. उःशाप असा, की दोन कोवळे जीव तुझ्यावर आपलं पहिलंवहिलं प्रेम एकमेकांना देतील, तेव्हा तू सुटशील. चौऱ्याऐंशी लक्ष योनी मोजताना आपल्या पूर्वजांनी फर्निचर धरलं नव्हतं, ती उणीव या फ्रेंच गृहस्थाने भरून काढली. सुलतानाला मात्र पुनर्जन्माशी घेणंदेणं नाही. त्याचा पहिला प्रश्न, तुझ्यावर भरतकाम होतं का? होतं, महाराज, गुलाबी रंग, त्यावर रुपेरी जर. सुलतान खूश.

गोष्ट आग्र्यातली म्हणून सांगितली, पण फसलं कोणी नाही. सगळे चेहरे पॅरिसचे होते. सोफा निवडण्यातही गंमत आहे. फ्रेंच राजांच्या व्हर्सायच्या दरबारात राणीसमोर साध्या पाठ नसलेल्या स्टुलावर टेकायचा मान मिळावा म्हणून घराणी झुरत. डचेसना तो हक्क होता, बाकीच्यांनी ताटकळायचं. राजा चौदावा लुई 1715 मध्ये गेला, दरबार काही वर्षं पॅरिसला आला आणि बड्या लोकांना घरातल्या ऐसपैस बैठकीची गोडी लागली. स्टुलावर माणूस दरबारी असतो. सोफ्यावर तो पाय पसरतो आणि खरं बोलतो, किंवा निदान जास्त सफाईने खोटं बोलतो.

फात्मे ही त्या सोफ्यावरची एक. गावभर तिच्या सोवळेपणाचा लौकिक. खोलीत एकटी असताना ती भिंतीत बेमालूम लपवलेलं कपाट उघडते आणि एक पुस्तक काढते. मग दुसऱ्या कपाटाकडे जाते, जिथे जाडजूड ग्रंथ दिमाखात मांडलेले आहेत. त्यातला एक उचलून कंटाळल्यासारखा सोफ्यावर फेकते आणि पहिलं पुस्तक घेऊन उशांमध्ये रेलते. फेकलेला ग्रंथ एका ब्राह्मणाच्या नीतिपर चिंतनाचा. कोणी आलंच तर हाताशी असावा म्हणून. एवढ्या एका हालचालीत क्रेबियोंने जे साधलं, त्यासाठी दुसऱ्या कोणी चार प्रकरणं खर्च केली असती.

असल्या लेखकांना लोक 'चावट' म्हणून मोडीत काढतात. चावटपणा आहेच, नाही कशाला म्हणा. पण क्रेबियोंला अंथरुणापेक्षा अब्रूत जास्त रस. म्हणून तो साध्वीवर थांबत नाही, रंगेल गडीही सोडत नाही. माझुलिम हा नामांकित स्त्रीलंपट. त्याच्या पराक्रमाच्या कथा सर्वतोमुखी. प्रत्यक्षात सोफ्यावर ऐन वेळी त्याचा फज्जा उडतो, आणि सारवासारव करताना त्याची जीभ तेवढी जोरात चालते. मला फात्मे आणि माझुलिम एकाच माळेचे मणी वाटतात. एकीला पुण्याईचा बडेजाव सांभाळायचा, दुसऱ्याला पापाचा. (पुढची संभाषणं मात्र फार लांबली आहेत. खुशाल पानं उलटावीत.)

याची किंमत त्याने मोजली. आधीच्या एका कादंबरीपायी 1734 मध्ये पॅरिसजवळच्या व्हॅन्सेनच्या किल्ल्यात कैद. 'सोफा'पायी पॅरिसमधून हद्दपारी. त्याच किल्ल्यात 1749 मध्ये लेखक-विचारवंत दिदरोही जाऊन आला. त्याने तर आदल्याच वर्षी अशी अंगठी लिहिली होती, जी फिरवली की बायकांचे अवयव गुपितं सांगू लागत. सोफा परवडला! पुढे 1759 मध्ये सरकारने क्रेबियोंलाच सेन्सॉर नेमलं. आणि 1782 मध्ये लाक्लो या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीतली ती पाताळयंत्री मार्कीझ, म्हणजे उमराव बाई, प्रियकराला भेटण्याआधी कोणता सूर लावायचा याची तयारी करते, तेव्हा 'सोफा'चं एक प्रकरण वाचते. बंदी आलेलं पुस्तक चाळीस वर्षांत क्रमिक पुस्तक झालं म्हणायचं.

शेवटी अमांझेईला मुक्ती मिळते, पण ती त्याला जड जाते. कारण झेनिस नावाच्या ज्या निष्पाप मुलीमुळे तो सुटतो, तिच्यावर त्याचाच जीव जडलेला असतो, आणि ती दुसऱ्याची झाल्याशिवाय उःशाप फळणार नसतो. एवढं ऐकून सुलतान सुस्कारा सोडतो. तो 'अरेबियन नाइट्स'मधल्या गोष्टी सांगणाऱ्या शहरजादचा नातू. म्हणतो, आजी गं, तू काही अशा गोष्टी सांगत नव्हतीस!