शेवटचे तीस फूट : आमची वाटचाल

आमची फर्म बिअर बनवत नाही आणि विकतही नाही. बारच्या कोल्ड रूममध्ये केग, म्हणजे बिअरचा धातूचा पिंप असतो, काउंटरवर टॅप असतो आणि दोघांना जोडणारी पंचवीस-तीस फुटांची नळी असते. ती नळी टाकायची, गॅसचा दाब आणि थंडावा जुळवून द्यायचा आणि पुढे ती नेमाने धुवायची, हा आमचा धंदा. पुण्यात सुरू झालेलं काम आता मुंबई, नाशिक आणि गोव्यापर्यंत पोचलंय. ओळखीपाळखीचे लोक भेटले की आवडती बिअर कोणती, हे हमखास विचारतात. आवडत्या बऱ्याच आहेत, पुढे सांगतोच. पण त्यातली एकही खराब नळीतून आली तर मला प्यावीशी वाटत नाही.

मी मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला. आबांची म्हशींची जोडी होती, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जायचं. डिप्लोमा करून मी एका दूध संघाच्या प्लांटमध्ये लागलो आणि माझ्याकडे सीआयपी आलं, म्हणजे यंत्र न उघडता आतून धुण्याचं काम. पाळी संपली की पाश्चरायझर आणि पायपांमधून आधी पाणी, मग गरम कॉस्टिक सोडा, परत पाणी, मग नायट्रिक ॲसिड, शेवटी पुन्हा पाणी. सोड्याने स्निग्धांश आणि प्रथिनं निघतात, ॲसिडने दुधातल्या कॅल्शियमचा खडखडीत थर निघतो. या क्रमात एक पायरी गाळली तर दुसऱ्या दिवशीचं दूध नासतं, आणि संध्याकाळपर्यंत शंभर गावांतले उत्पादक दारात उभे असतात. स्वच्छतेची धास्ती माझ्या अंगात भिनली ती तिथे.

पुण्याला आलो ते डेअरीची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीत. शहरात तेव्हा बिअरचं वारं बदलत होतं. २००९ मध्ये इथे डूलाली सुरू झाली, महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रूअरी, म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर बनवणारी जागा. त्याआधी बिअर म्हणजे आमच्यासाठी बाटलीतली, शक्य तितकी गार आणि शक्य तितकी स्ट्राँग. मायक्रोब्रूअरीत पहिल्यांदा गव्हाची बिअर प्यायलो आणि ग्लास नाकाजवळ नेताच पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास आला. मला वाटलं, इसेन्स घातलाय. ब्रूअरला विचारलं तर तो म्हणाला, यात केळंही नाही आणि लवंगही नाही, सगळं यीस्टचं काम आहे. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, लवंगेचा फोर-व्हिनाइल ग्वायकॉलचा. मॅशिंग करताना, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजवताना, ४५ अंशांच्या आसपास थोडं थांबलं की लवंग वाढते, फर्मेंटेशन जरा उबदार ठेवलं की केळं वर येतं. दह्याच्या विरजणावर आणि तापमानावर आयुष्य काढलेल्या माणसाला याहून गोडीची गोष्ट ती काय असणार! बव्हेरियातली ही हेफेवाइझेन आजही माझ्या यादीत पहिल्या दोनांत आहे.

काही महिन्यांनी तीच बिअर शहरातल्या दुसऱ्या एका बारमध्ये टॅपवर दिसली म्हणून हौसेने मागवली. ग्लास आला, वास घेतला, आणि केळं-लवंगेच्या जागी लोणी. ताज्या लोण्याचा, ओळखीचा, स्वच्छ वास. डेअरीत हा वास यावा म्हणून आम्ही मुद्दाम विशिष्ट जिवाणूंचं विरजण लावायचो. तो डायअसिटिलचा वास. बिअरच्या नळीत पेडिओकोकस किंवा लॅक्टोबॅसिलस वाढले की ते हेच डायअसिटिल बनवतात, आणि लोण्याला जो वास शोभतो तो बिअरची माती करतो. मी मॅनेजरला विनंती करून टॅप उघडायला लावला. नळाच्या तोंडात आतून बोटाला लागेल असा बुळबुळीत, करडा थर होता. त्याला व्हिनेगरचा वास येत होता, कारण टॅपच्या तोंडाशी हवा मिळते आणि तिथे ॲसिटिक ॲसिडवाले जिवाणू बस्तान मांडतात. नळी कधी धुतली होती, हे तिथल्या कुणालाच सांगता येईना. ब्रूअरने तीन-चार आठवडे जीव ओतून केलेली बिअर शेवटच्या तीस फुटांत वाया जात होती.

मावसभाऊ तेव्हा रेफ्रिजरेशनची कामं घ्यायचा. त्याला म्हटलं, तुला थंडावा कळतो, मला धुणं कळतं, दोघं मिळून करू. एक छोटा पंप, बादल्या, पीएच पट्ट्या, ब्रश, स्पॅनर आणि त्याची मारुती व्हॅन, एवढ्या भांडवलावर फर्म उभी राहिली.

काम दिसायला साधं आहे. नळीतली बिअर पाण्याने पुढे ढकलायची, मग कोमट पाण्यात दोन टक्क्यांचं कॉस्टिक द्रावण करून ते पंपाने किमान १५ मिनिटं फिरवायचं, मग पीएच पट्टी साध्या पाण्याचा रंग दाखवेपर्यंत धुवायचं. टॅप आणि केगवरचा कपलर, म्हणजे नळी जोडायचा सांधा, खोलून प्रत्येक भाग ब्रशने घासायचा. हे दर दोन आठवड्यांनी. दर तीन महिन्यांनी ॲसिड फिरवायचं, कारण नळीत कॅल्शियम ऑक्झलेटचा खडबडीत थर धरतो. धंद्यात त्याला बिअरस्टोन म्हणतात. तो सोड्याने निघत नाही आणि त्याच्या खाचांमध्ये जिवाणूंना घर मिळतं. म्हणजे माझा डेअरीतला सोडा-ॲसिडचा क्रम जसाच्या तसा इथे लागू पडला.

अवघड होतं ते बारमालकांना पटवणं. "धुताना माझी बिअर गटारात जाणार, तिचे पैसे कोण देणार?" हा पहिला प्रश्न. मी खिशातून नळीचा तुकडा काढून दाखवायचो. आतला व्यास सात मिलिमीटरच्या आसपास, मीटरमागे ३५ ते ४० मिलि बिअर. तीस फुटांत एक ग्लास. आणि तोसुद्धा गटारात जायलाच हवा असं नाही. केग काढून मागून पाणी लावलं की पुढची बिअर ग्लासात घेता येते. उलट घाणेरड्या, खडबडीत नळीमुळे जो फेस उसळतो आणि बारवाला सिंकमध्ये ओततो, त्यात रोज किती ग्लास जातात, ते एक दिवस मोजा म्हणायचो. ज्यांनी मोजलं ते आमचे गिऱ्हाईक झाले. काही जण आजही मोजत नाहीत आणि तिथली बिअर मी पीत नाही.

आमचं कॅलेंडर इतरांच्या उलट चालतं. २६ जानेवारी, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर, ज्या दिवशी ड्राय डे त्या दिवशी आमची पोरं पहाटेपासून कामाला. बार बंद, टॅप मोकळे, निवांत हात चालतो. आषाढीला साबुदाण्याच्या खिचडीचे डबे घेऊन निघतात सगळे.

नळी स्वच्छ झाली की उरतो गॅस आणि थंडावा. तीन अंशांवर साधारण १२ पीएसआय कार्बन डायऑक्साइड ठेवला तर बहुतेक लागर, म्हणजे थंडीत आंबवलेली नेहमीची बिअर, जशी ब्रूअरीतून निघाली तशी राहते. दाब कमी पडला तर केग दोन-तीन दिवसांत मवाळ पडतो, जास्त झाला तर फेसच फेस. मावसभावाचा हट्ट असतो की केग कोल्ड रूममध्ये किमान एक दिवस मुरल्याशिवाय जोडायचा नाही. मे महिन्यात टेम्पोतून आलेला केग आतून थंड व्हायला तेवढा वेळ लागतोच. आणि बर्फ जमलेला ग्लास आम्ही कुणालाही सुचवत नाही. बर्फाच्या कणांवर फेस उसळतो, वितळून पाणी मिसळतं, आणि जीभ बधिर झाल्यावर चव कशाची घ्यायची? लागर तीन ते पाच अंशांना ठीक, पण गव्हाची बिअर सहा-आठला खुलते आणि स्टाउट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी बिअर, त्याहून थोडी वर.

स्टाउट हे माझं दुसरं प्रेम. गिनेस या आयरिश ब्रूअरीच्या मायकेल ॲश यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये नायट्रोजनवर चालणारी ड्राफ्ट पद्धत आणली. नायट्रोजन बिअरमध्ये फारसा विरघळत नाही, त्यामुळे त्याचे बुडबुडे बारीक आणि टिकाऊ. आम्ही अशा टॅपला सुमारे ७० ते ७५ टक्के नायट्रोजन आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण देतो आणि टॅपच्या आत बारीक भोकांची चकती बसवतो. पुण्यातल्या एका ब्रूअरसाठी असा टॅप पहिल्यांदा बसवला तेव्हा ग्लासात तपकिरी ढग खाली उतरताना आणि वर दाट साय धरताना बघत सगळा स्टाफ काम सोडून काउंटरवर गोळा झाला. भाजलेल्या बार्लीचा कॉफीसारखा कडवटपणा त्या सायीतून येतो तेव्हा तो बोचत नाही. साध्या गॅसवरची तीच स्टाउट चांगलीच असते, पण धारदार लागते.

बेल्जियन विटबिअरवर माझा जीव जडण्याचं कारण जरा वेगळं आहे. होगार्डन गावातली ही जुनी पांढरी बिअर १९५० च्या दशकात बंद पडली होती. १९६० च्या दशकात ती पुन्हा उभी केली पिअर सेलिस या माणसाने, आणि तो होता गावातला दूधवाला! मोड न आणलेला गहू, धने आणि संत्र्याची वाळवलेली साल. धने तर आपल्या घरातलेच, पण बिअरमध्ये ते भाजीच्या मसाल्यासारखे न लागता लिंबाच्या अंगाने जातात. आबांना मी ही दूधवाल्याची गोष्ट सांगितली. ते माळकरी, त्यांनी कधी थेंब घेतला नाही आणि घेणार नाहीत. फर्म सुरू केली तेव्हा "पोरगं दारूच्या धंद्यात गेलं" म्हणून भावकीत चर्चा झाली आणि त्याचा त्यांना त्रासही झाला. एकदा पुण्यात आले असताना त्यांनी व्हॅनमधला पंप आणि सोड्याचे कॅन बघितले, सोडा किती टक्के घालतोस विचारलं, आणि म्हणाले, "भांडी नीट धुतोयस न्हवं? मग झालं." त्यांचं एवढं बोलणं मला पुरलं.

मार्च २०२० मध्ये बार बंद झाले, तेही एका रात्रीत, नळ्या भरलेल्या असताना. ऑक्टोबरमध्ये उघडायची परवानगी आली तेव्हा नळ्यांत जे होतं त्याचं वर्णन करत नाही. बऱ्याच ठिकाणी धुण्यापलीकडे गेलेल्या नळ्या काढून नव्या टाकाव्या लागल्या. अर्धं वर्ष कमाई नव्हती, पण पोरांना आम्ही सोडलं नव्हतं, आणि त्या हंगामात ज्या मालकांनी पूर्वी दारातून परत पाठवलं होतं त्यांनी स्वतः फोन केले. गोव्याचं काम त्यानंतरचं. किनाऱ्यावर खारी हवा, दमट खोल्या आणि मधूनच जाणारी वीज, त्यामुळे तिथे टॅपच्या रबरी रिंगा आणि कूलर दोन्ही जास्त जपावे लागतात.

यंत्रांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेलो होतो, तिथून रेल्वेने चेक देशात पिल्सेनला जाऊन आलो. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने तिथे पहिली सोनेरी पिल्सनर केली. पाणी अतिशय मृदू, मोराव्हियाचं बार्ली मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), झाटेक भागातले साझ हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. पाणी मृदू असल्यामुळे भरपूर हॉप्स घालूनही कडवटपणा घशाला ओरखडत नाही, गवताचा आणि मसाल्याचा मंद वास तेवढा मागे राहतो. ब्रूअरीच्या जुन्या तळघरात न गाळलेली बिअर ओकच्या पिंपातून देतात, ती अर्थातच सुंदर होती. पण मी जास्त वेळ रमलो ते गावातल्या एका पबमध्ये, टॅप चालवणाऱ्या माणसाचे हात बघत. त्यांचा नळ बाजूने फिरतो. आधी ग्लासात दाट ओला फेस सोडायचा, मग नळाचं तोंड फेसाखाली बुडवून बिअर भरायची, म्हणजे वरच्या फेसाचं झाकण हवा लागू देत नाही. प्रत्येक ग्लास आधी गार पाण्यात बुचकळून. नळी रोज तपासायची. टॅप चालवणं ही तिथे शिकण्याची विद्या आहे, तिचं प्रशिक्षण असतं, आणि त्या माणसाला मान असतो.

परत आल्यावर आम्ही बारच्या पोरांसाठी फुकट शिकवणी सुरू केली. निम्मा वेळ ग्लासवर जातो. बिअरचा फेस म्हणजे बार्लीतली प्रथिनं आणि हॉप्समधले कडू घटक यांची वीण, आणि तेलाचा अंशसुद्धा ती उसवतो. तंदुरीच्या प्लेटी घासलेल्या स्क्रबरनेच बिअरचे ग्लास घासले की फेस मिनिटभरात बसतो आणि दोष बिअरला मिळतो. ग्लासांचा स्क्रबर वेगळा, फडक्याने पुसणं बंद, उलटा ठेवून हवेवर वाळवायचा. ओल्या ग्लासात मीठ भुरभुरवून बघायचं: सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ, टक्कल पडल्यासारखे डाग राहिले तर परत धुवा.

सध्या आमच्या हातात असलेलं आवडतं काम एका ब्रूअरच्या कोकम-मिठाच्या आंबट बिअरचं आहे. जर्मनीतल्या गोझेच्या वळणाची, मीठ आणि धने घातलेली, त्यात कोकणातलं कोकम. उन्हाळ्यात माशांबरोबर तिच्या तोडीची दुसरी बिअर मला माहीत नाही. कोकमाचा गर टॅपमध्ये अडकतो म्हणून तिची नळी आम्ही वेगळी ठेवलीय आणि दर आठवड्याला धुतो.

तुम्ही टॅपवरची बिअर मागवलीत तर आधी ग्लासाच्या कडेला बघा. बुडबुडे आतल्या बाजूला चिकटून बसले असतील तर ग्लास कळकट आहे, बदलून मागा. लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास आला तर संकोच न करता परत पाठवा आणि नळी शेवटची कधी धुतली ते विचारा. आमच्या गिऱ्हाइकांकडे कोल्ड रूमच्या दारावर तारखांचा तक्ता लावलेला असतो. मागितलात तर दाखवतील.